‘डिले लावलो की गाण्याचो चिखल जाता’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

डिले पेडलवरच्या (म्हणजे गिटारचा सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलवरच्या) लेखाखालची तुमची प्रतिक्रिया आधी थोडक्यात इथे मांडतो, म्हणजे नव्याने येणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुमचं म्हणणं असं : सावंतवाडी-कुडाळकडे गिटार वाजते ती गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात आणि देवळातल्या भक्तिगीतांच्या कार्यक्रमात. तिथे ‘डिले लावलो की गाण्याचो चिखल जाता’, म्हणजे गाण्याचा चिखल होतो. लेखात दिलेलं ३७५ मिलिसेकंदांचं सेटिंग क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजवणाऱ्यांसाठी ठीक, पण आपला ढोलकीवाला लय चढवतो आणि सहा मात्रांच्या दादऱ्यात तर ते बसतच नाही. अॅनालॉग-डिजिटलची चर्चा हौशी लोकांची, मोबाइलच्या अॅपमध्ये तेच मिळतं. आणि पावसाळ्यात पेडल खरखरतं त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

चारही मुद्दे नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. दशावतारात, पखवाज-पायपेटी-झांजेच्या मेळात डिलेला जागा नाही, हे मीही मानतो. पण ऑर्केस्ट्रात आणि भक्तिगीतांत गिटारला जी पोकळ जागा भरायची असते तिथे डिलेसारखं दुसरं साधन नाही. मात्र तो तालाला आणि जागेला बांधून घ्यावा लागतो.

आधी चिखल. देवळाचा सभामंडप घ्या : चिऱ्याच्या भिंती, लाद्यांची जमीन, वर पत्रा. गिटार काढण्याआधी मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. तिचं घुमणं सेकंदभर टिकत असेल, तर त्या जागेत डिलेची एकच आवृत्ती (परत ऐकू येणारा सूर) परवडते. दुसरी आली की ती पहिलीच्या घुमण्यात जाऊन पडते. दुसरं कारण पेडलमध्ये नसतंच, ते साउंडवाल्याच्या मिक्सरवर असतं. गायकाच्या माइकला तो सवयीने इको देतो आणि पुष्कळदा गिटारच्या चॅनेललाही तोच सोडतो. म्हणजे तुमचा डिले एका गतीने, त्याचा इको दुसऱ्या गतीने, आणि त्यावर मंडपाचं घुमणं. कार्यक्रमाआधी त्याला एवढंच सांगा : गिटारच्या चॅनेलवरचा इको पूर्ण बंद. निम्मा चिखल इथेच जातो.

उरलेला निम्मा बटणांच्या क्रमात असतो. सगळी बटणं मध्यावर ठेवून वाजवायला घेतलं की काय बिघडलंय ते कळत नाही. क्रम असा ठेवा. फीडबॅक (आवृत्त्या किती याव्यात ते ठरवणारं बटण) अगदी शून्यावर, म्हणजे एकच आवृत्ती ऐकू येईल. लेव्हल (आवृत्तीचा आवाज) इतकी वाढवा की आवृत्ती मूळ सुराइतकीच मोठी होईल. आता डाव्या हाताने तार दाबून बोथट करा, मात्रेवर एकेक ‘टक’ वाजवा आणि टाइमचं बटण (आवृत्ती किती उशिरा यावी ते ठरवणारं) अगदी हळू फिरवा. टाइम पूर्ण मात्रेचा हवा असेल तर पुढच्या ‘टक’वर आवृत्ती नेमकी पडली की ती वेगळी ऐकू येत नाही, दोन्ही मिळून एकच ठोका होतो. किंचित पुढे-मागे असेल तर ‘ट-टक’ असं फाटतं. तो फाटा मिटला की टाइम बसला. मग लेव्हल खाली आणा : आवृत्ती ‘ऐकू येते’ तिथे थांबू नका, ‘बंद केली तर कळतं’ इथवर उतरा. बहुतेक पेडलवर ही जागा घड्याळाच्या नऊ ते दहाच्या दरम्यान येते. फीडबॅकला हात शेवटी, आणि मोकळं मैदान असेल तरच.

आता ताल, कारण तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे. लय मोजायची रीत सोपी आहे. १५ सेकंदांत किती मात्रा येतात ते मोजा, चारने गुणा, आणि ६०,०००ला त्या आकड्याने भागा. एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत केहरवा (आठ मात्रांचा ताल) असेल तर मात्रा ५०० मिलिसेकंदांची, आणि तिची पाऊण ३७५. लेखातला आकडा हाच.

पाऊण मात्रा केहरव्यात का शोभते? ढोलकी लग्गीत (भरगच्च, जलद बोलांत) शिरते तेव्हा ती मात्रेचे चार भाग भरत असते. पाऊण मात्रेवर पडणारी प्रत्येक आवृत्ती त्या चारांपैकी एखाद्या भागावर नेमकी बसते. तुम्ही सरळ अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे सूर वाजवता आणि ऐकणाऱ्याला दुपटीने भरलेलं वादन ऐकू येतं.

दादऱ्यात गंमत वेगळी आहे. कागदावर पाऊण मात्रा दादऱ्याला जास्त जुळते : पाऊणच्या चार आवृत्त्या म्हणजे बरोबर ३ मात्रा. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) वाजवलेल्या सुराची चौथी आवृत्ती चौथ्या मात्रेवर, थेट ‘खाली’वर (टाळी नसलेल्या मात्रेवर) पडते, आणि आठवी पुढच्या समेवर. केहरव्यात ‘खाली’ चार मात्रांनी येते, तिथे हा हिशोब जुळतही नाही. तरीही तुमचा कान म्हणतो की दादऱ्यात बसत नाही, आणि कान बरोबर आहे. कारण फीडबॅक आपण दोन-तीन आवृत्त्यांचाच ठेवतो. ‘खाली’वर पोहोचणारी चौथी आवृत्ती यायच्या आधीच आवाज विरतो, आणि ऐकू येतात त्या फक्त मधल्या तीन. पाऊण, दीड, सव्वादोन मात्रांवरच्या, सगळ्या आडव्या, म्हणजे मात्रेच्या ठोक्यावर न पडणाऱ्या. संथ दादऱ्यात ढोलकी मात्रेचे चार भाग करत नाही, त्यामुळे त्या आडव्या ठोक्यांना आधार कोणाचाच नसतो.

म्हणून दादऱ्याला पूर्ण मात्रेचा टाइम द्या. १५ सेकंदांत ४० मात्रा आल्या, तर लय १६० आणि मात्रा पुन्हा ३७५ मिलिसेकंदांचीच. म्हणजे १२०च्या केहरव्यावरून १६०च्या दादऱ्यावर जाताना टाइमच्या बटणाला हात लावायचीही गरज नाही, सूर वाजवण्याची पद्धत तेवढी बदलायची : अर्ध्या मात्रांच्या जागी मात्रेला एक सूर. दोन मात्रांचा टाइम मात्र दादऱ्यात टाळा. तो समेवर बरोबर येतो, पण तीन-तीनच्या झुल्यावर दोन-दोनची चाल चढवतो आणि गायकाची ‘खाली’ चुकवतो.

ढोलकीवाला लय चढवतो त्याचाही हिशोब मांडू. १२०ला बांधलेला पूर्ण मात्रेचा डिले ५०० मिलिसेकंदांचा. लय १२६ झाली की मात्रा ४७६वर येते. पहिली आवृत्ती २४ मिलिसेकंद उशिरा. एवढ्याने सूर थोडा जाड वाटतो, चूक वाटत नाही. दुसरी ४८ने मागे, इथे फाटा ऐकू येतो. तिसरी ७०च्या वर, आणि ती सरळ लंगडते. चूक प्रत्येक आवृत्तीमागे वाढत जाते, म्हणून लय हलणार असेल तिथे फीडबॅक एका आवृत्तीवर ठेवणं हाच खरा उपाय. टॅपची (लयीत बटण दाबून टाइम बसवायची) सोय असेल तर मुखड्याकडे परतताना चार मात्रा टॅप करून घ्या. मांडी घालून बसणाऱ्याचा पाय मोकळा नसतो, तेव्हा पेडल उजव्या गुडघ्याजवळ छोट्या पाटावर ठेवा आणि गिटारच्या रिकाम्या जागेत हाताने टॅप करा.

आणि टॅप नसेल, लयही कह्यात नसेल, तर ९० ते १२० मिलिसेकंदांची एकच आवृत्ती ठेवा. तिला स्लॅपबॅक म्हणतात. ती इतकी जवळ पडते की तालाशी तिचं देणंघेणं राहत नाही. गिटार नुसती भरदार होते. ज्या वादकाला एकच सेटिंग लावून रात्रभर वाजवायचंय त्याला मी हेच सुचवेन.

अॅनालॉग-डिजिटलचं. हा फरक हौसेचा नाही, त्याचं कारण चिपमध्ये आहे. विहिरीपासून घरापर्यंत रांगेने उभं राहून एकाने दुसऱ्याकडे बादली द्यावी, तसा अॅनालॉग डिलेच्या चिपमध्ये सिग्नल एका कपॅसिटरमधून पुढच्यात सरकतो. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६९ साली ही युक्ती निघाली. १९८१ च्या बॉस डीएम-२ मधल्या एमएन३००५ चिपमध्ये असे ४०९६ टप्पे आहेत. टप्प्यांच्या संख्येला क्लॉकच्या (सिग्नल पुढे सरकवणाऱ्या ठोक्याच्या) दुप्पट वेगाने भागलं की डिलेचा वेळ निघतो. ३०० मिलिसेकंद हवे असतील तर क्लॉक साधारण ६.८ किलोहर्ट्झवर उतरवावा लागतो, आणि मग त्याच्या निम्म्याच्या वरचे, म्हणजे सुमारे ३.४ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर गाळून टाकावेच लागतात. नाहीतर क्लॉकची शिट्टी ऐकू येते. म्हणून अॅनालॉगची आवृत्ती बोथट येते, आणि फीडबॅकच्या प्रत्येक फेरीत आणखी बोथट होते.

हा बोथटपणा गाण्याच्या साथीला उपयोगाचा आहे. गायकाचे ‘स’, ‘त’, ‘च’ ज्या वरच्या पट्टीत उमटतात तिथून डिले बाजूला होतो आणि शब्द स्वच्छ राहतात. डिजिटल डिलेची आवृत्ती मूळ सुराइतकीच धारदार, ती शब्दांवर जाऊन आदळते. त्यात अकूस्टिक गिटारला पिएझो पिकअप (गिटारची कंपनं थेट पकडणारा) असेल तर प्लेक्ट्रमचा ‘टक्’सुद्धा प्रत्येक आवृत्तीत परत येतो. डिजिटल पेडल असेल तर टोनचं बटण किंवा अॅनालॉग मोड वापरून आवृत्ती मुद्दाम बोथट करा, वेगळं पेडल घ्यायची गरज नाही. स्वस्त पेडलांपैकी पुष्कळांत पीटी२३९९ ही चिप असते. ती कराओकेच्या इकोसाठी निघालेली, आतून डिजिटल, पण आवृत्ती बोथटच. साधारण ३४० मिलिसेकंदांपर्यंत ती छान चालते. त्यापुढे ताणली की सुरासोबत खरखर वाढत जाते. अशा पेडलमध्ये टाइमचं बटण शेवटपर्यंत नेऊ नका.

अजून एक : आवृत्तीला हेलकावा देणारं मॉड्युलेशन पेटी सोबत असताना बंदच ठेवा. पेटीचे सूर ठाम, गिटारची आवृत्ती वर-खाली हलणारी, आणि दोघांमध्ये बेसूरपणाची लाट उठते. लोक ट्यूनिंग तपासत बसतात, दोष या एका स्विचचा असतो.

मोबाइल अॅप घरी सरावाला उत्तम. कार्यक्रमात अडचण अशी की पेडलमध्ये मूळ सूर बहुधा थेट पुढे जातो आणि फक्त आवृत्ती उशिरा येते. मोबाइलमध्ये मूळ सूरही आत जाऊन, आकड्यांत बदलून बाहेर येतो, म्हणजे तुमचा स्वतःचा ठोकाच ढोलकीच्या मागे पडतो. ब्लूटूथ मध्ये आलं तर विचारूच नका.

पावसाळा. खरखर केव्हा येते त्यावरून जागा ओळखा. बटण फिरवताना येते : पॉटमध्ये (बटणाखालच्या फिरत्या भागात) ओल किंवा मळ. पिन हलवली की येते : सॉकेटच्या पत्तीवर खाऱ्या हवेचा काळा-हिरवट थर. कशालाही हात न लावता बारीक किणकिण सुरू राहते : अॅडॅप्टरचा आवाज, विशेषतः एकाच तारेवर दोन-तीन पेडल जोडलेली असतील तर. खालच्या सुरात घूं : अर्थिंग, त्यात पेडलचा काही दोष नाही. पॉट आणि सॉकेटला इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढ्याच वेळा फिरवा, आणि अर्धा तास सुकू द्या. गंज काढायचा साधा तेलकट स्प्रे नको, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. पॉलिश पेपर तर मुळीच नको. पत्तीवरचा मुलामा निघाला की गंज दुप्पट वेगाने येतो. जून ते सप्टेंबर पेडल झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि आतला ९ व्होल्टचा सेल काढून ठेवा. सेल पाझरला तर खालचा बोर्डही खातो.

अॅडॅप्टर ९ व्होल्ट डीसी, मधली पिन ऋण, असाच लागतो. कीबोर्डचे पुष्कळसे अॅडॅप्टर १२ व्होल्टचे आणि मधली पिन धन असलेले, राउटरचेही बहुधा तसेच, आणि पिन मात्र तीच बसते. ऐनवेळी कोणाचा तरी अॅडॅप्टर मागून लावला आणि पेडल गेलं, यामागे बहुतेकदा हेच असतं. तसं झालं असेल तर पेडल टाकून देऊ नका. पुष्कळ पेडलांत उलट्या जोडणीसाठी एक संरक्षक डायोड असतो, तो स्वतः जळून बाकीचं वाचवतो. टीव्ही दुरुस्त करणारा कारागीरही तो काही रुपयांत बदलून देईल.

तुमच्या पेडलचं मॉडेल, गिटारचा पिकअप आणि नेहमीच्या दोन-तीन गाण्यांच्या १५ सेकंदांतल्या मात्रा खाली कळवा. प्रत्येकाचा टाइम काढून इथेच लिहितो.