चेअरमन ओळखीचा आहे, पण बँकेचा अहवाल वाचलाय का?

सहकारी बँकेवर निर्बंध आले की शाखेसमोर रांग लागते आणि रिझर्व्ह बँकेच्या नावानं शंख सुरू होतो. राग रास्तच असतो. मला खटकतं ते वेगळंच. हाच राग वार्षिक सर्वसाधारण सभेत कधी दिसत नाही. तिथं लाभांश, भेटवस्तू आणि वडा घेऊन मंडळी घरी जातात, अहवाल रद्दीत जातो.

मुळात आपण बँकेला तिजोरी समजतो. ठेवलेले पैसे आत तसेच पडून आहेत, मागितले की मिळणार. प्रत्यक्षात ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेलं उसनं. त्यातला थोडा भाग रोख आणि सरकारी रोख्यांत राहतो, बाकीचा कर्जानं बाहेर गेलेला असतो. शेजाऱ्याला वीस हजार उसने देताना आपण चार चौकश्या करतो. बँकेला वीस लाख देताना मात्र 'अर्धा टक्का जादा देतात' एवढं पुरतं.

अहवालात बघायचं काय? निव्वळ एनपीए, म्हणजे त्यासाठी बाजूला काढलेली तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जं, 3 टक्क्यांच्या वर असेल तर सावध व्हा. सुदृढ नागरी सहकारी बँकेसाठी रिझर्व्ह बँकेची मर्यादाच तेवढी आहे. सीआरएआर, म्हणजे जोखमीच्या मानानं भांडवल, मोठ्या नागरी बँकांना किमान 12 टक्के लागतं. आणि एकाच उद्योगसमूहाला किती कर्ज दिलंय हे सभेत उभं राहून विचारा.

अर्थात अहवालही खोटा असू शकतो. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या शेवटच्या अहवालात एकूण एनपीए चार टक्क्यांच्या आत होता, सीआरएआर 12 च्या वर. प्रत्यक्षात सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकट्या एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे अडकलं होतं आणि ते लपवायला एकवीस हजारांवर बनावट खाती दाखवली होती. 23 सप्टेंबर 2019 ला निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. जानेवारी 2022 मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या वैयक्तिक ठेवी टप्प्याटप्प्यानं परत द्यायचं ठरलं, मोठ्या ठेवींच्या बाबतीत पार दहा वर्षांपर्यंत. संस्थात्मक ठेवीदारांच्या उरलेल्या रकमेपैकी 80 टक्क्यांचे तर प्रेफरन्स शेअर करून दिले, वर्षाला 1 टक्का लाभांशाचे!

म्हणून खरा आधार ठेव विम्याचा, म्हणजे बँक अडचणीत आली तर ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देणाऱ्या विम्याचा, आणि त्याचे नियम लोक हमखास चुकीचे सांगतात. 4 फेब्रुवारी 2020 पासून मर्यादा 5 लाख आहे. त्याआधी 1993 पासून 1 लाख होती. ही मर्यादा प्रत्येक एफडीला नसून एका बँकेतल्या एका ठेवीदाराला आहे. सगळ्या शाखा मिळून, बचत, चालू, आवर्ती, एफडी सगळं धरून, आणि व्याजासकट. शाखा बदलली किंवा वारसदार वेगळा लावला म्हणून ती वाढत नाही. प्रोप्रायटरी दुकानाचं चालू खातंही मालकाच्याच नावात मोजलं जातं.

व्याजाचा हिशेब तर कुणी करतच नाही. 8 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी 5 लाख पुनर्गुंतवणूक ठेवीत (दर तिमाहीचं व्याज मुद्दलातच जमा होतं ती) टाकले, तर मुदतीअखेर सुमारे 7 लाख 43 हजार होतात. त्यातले 2 लाख 43 हजार विम्याबाहेर. पाच वर्षांनी 5 लाखांतच राहायचं तर सुरुवातीला 3 लाख 36 हजारच ठेवायला हवेत.

नवरा-बायकोंना एकाच बँकेत जास्त ठेवायचे असतील तर कायदेशीर वाट आहे. त्याच्या एकट्याच्या नावावर, तिच्या एकटीच्या नावावर, संयुक्त खात्यात आधी तो, आणि दुसऱ्या संयुक्त खात्यात आधी ती. चारही वेगळे धरले जातात, मिळून 20 लाख. त्याच बँकेचं कर्ज डोक्यावर असेल तर ते मात्र ठेवीतून वजा होऊ शकतं.

2021 च्या दुरुस्तीमुळे निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम 90 दिवसांत द्यायची आहे: पहिल्या 45 दिवसांत बँकेनं यादी द्यायची, पुढच्या 45 मध्ये ठेव विमा महामंडळानं तपासून पैसे द्यायचे. यादीत नाव नीट लागावं म्हणून केवायसी अद्ययावत आणि आपलं दुसऱ्या बँकेतलं खातं तयार हवं. लोक नेमके इथेच अडकतात. विम्याचा हप्ता बँक भरते, आणि वर्षानुवर्षं चांगल्या-वाईट सगळ्या बँकांना तो एकाच दरानं होता. जोखमीनुसार दर लावण्याची घोषणा 2025 मध्ये झाली. फारच उशिरा, असं माझं मत.

पतसंस्था आणि पतपेढ्यांना हा विमा लागूच नाही. पाटीवर 'सहकारी' असलं म्हणजे ती बँक होत नाही.

सगळ्यात बेसावध असतात ते गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी. सिंकिंग फंडाचे (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीचे) साठ लाख एकाच सहकारी बँकेत, वेगवेगळ्या बारा पावत्यांत. विम्याच्या नजरेत संस्था हा एकच ठेवीदार, कव्हर फक्त 5 लाख. सहकार कायद्याच्या कलम 70 नं गुंतवणुकीच्या जागा ठरवल्यात हे खरं, पण सगळं एकाच बँकेत टाका असं तिथं कुठेही लिहिलेलं नाही. पुढच्या सभेत खजिनदाराला ठेवींची बँकवार यादी मागा.