दाजी, रेनकोट काढा

‘१० तासांत ४.६ किलो : पैलवानांचं गुपित’ असा एक निरोप सध्या फिरतोय. सहा कलमं, शेवटी जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त हौशी खेळाडूंपर्यंत पोहोचवा’. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आणला दाजींनी. दाजी चाळिशीतले, सोलापूरच्या नवी पेठेत कापडाचं दुकान, दिवाळीपासून संध्याकाळी ज्युदोला जातात. आवडीने जातात, पाठदुखीही कमी झालीय, त्याबद्दल तक्रार नाही. आता स्पर्धेला नाव द्यायचंय ७३ किलोच्या गटात आणि वजन आहे ७६. म्हणून भर एप्रिलच्या दुपारी गच्चीवर, अंगात रेनकोट, वरून चादर गुंडाळलेली, बैठका चालू. ताईने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘यांना तूच सांग काहीतरी.’ तर सांगतो.

पहिलं कलम पैलवान अमन सेहरावतचं. हे खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. पॅरिस ऑलिंपिक, ऑगस्ट २०२४. उपांत्य लढतीनंतर त्याचं वजन ६१.५ किलो भरलं, रात्रभर घाम काढून दुसऱ्या सकाळी तो ५७ किलोच्या गटात बसला आणि कांस्यपदक घेऊन आला. पण तो २१ वर्षांचा, लहानपणापासून आखाड्यात वाढलेला, आणि रात्रभर दोन प्रशिक्षक त्याच्यासोबत जागे होते. दाजींसोबत गच्चीवर कोण होतं? वाळत घातलेले पापड. शिवाय त्याच आठवड्यात, त्याच पॅरिसमध्ये विनेश फोगाटने रात्रभर हेच सगळं केलं, केससुद्धा कापले, तरी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅम जास्त भरले. अपात्र ठरली ती ठरलीच, वर शरीरातलं पाणी आटल्यामुळे उपचार घ्यावे लागले. ते निरोपात का नाही?

आता दुसरं आणि तिसरं कलम, ज्यांच्यामुळे माझं डोकं फिरलं. ‘सरावात पाणी पिऊ नये, दम जातो.’ आणि ‘रबरी सूट किंवा प्लॅस्टिक घालून व्यायाम करा, घाम म्हणजे वितळलेली चरबी.’

घामात चरबी नसते हो. पाणी असतं आणि मीठ असतं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तासभर जीव तोडून ज्युदो खेळलात तर पाच-सातशे जळतील, म्हणजे चरबी शंभर ग्रॅमही नाही. काट्यावर जो दीड किलो ‘उतरला’ तो तांब्याभर पाणी प्यायलात की परत चढायला लागतो.

आणि घाम नुसता निघून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. माठ पाझरतो आणि ते पाणी हवेत उडतं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. त्या माठाला प्लॅस्टिक गुंडाळून उन्हात ठेवा आणि संध्याकाळी पिऊन बघा. रेनकोटात शरीराचं तेच होतं. घाम वाहतो, वाळत नाही, आतली उष्णता आतच. त्यात पाणी बंद म्हटल्यावर रक्त घट्ट होतं, हृदय जोरात धावतं, कातडीकडे रक्त कमी जातं आणि ताप चढतच राहतो.

हे माझं घरगुती ज्ञान नाही. अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, फेब्रुवारी १९९८ मध्ये एक अहवाल छापलाय. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जेमतेम महिन्याभरात कॉलेजातले तीन पैलवान मेले. वयं १९ ते २२. तिघेही वजनगटात बसायला घाम काढत होते. तिघांच्याही अंगात हवाबंद सूट, खोली तापवलेली, पाणी तोडलेलं, व्यायाम चालू. त्यातल्या एकाला उतरवायचे होते फक्त चार पौंड. म्हणजे दोन किलोसुद्धा नाही, दाजी! तुम्हाला तीन उतरवायचेत. त्या मुलाच्या शरीराचं तापमान मरताना १०८ अंश फॅरेनहाइट होतं. त्यानंतर तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने वजन उतरवण्यासाठी रबरी सूट आणि तापवलेल्या खोल्या यांवर बंदीच घातली. त्या पोरांना हिवाळ्यात खोली मुद्दाम तापवावी लागली होती. आपल्या सोलापुरात एप्रिलची गच्ची फुकट तापते.

पाण्याबद्दल वस्ताद मंडळी म्हणतात त्यात अर्धं सत्य आहे. तांब्याभर पाणी गटागटा पिऊन लगेच पकडीला उतरलात तर पोट डुचमळतं, उलटीही होते. पण म्हणून थेंबही नको? घोट घोट प्या, लिंबू-मीठ घालून प्या. नळाला चार-चार दिवस पाणी नसतं म्हणून आपण आधीच बोंबलतो, त्यात हे स्वतःहून तोडणं कशाला? सराव करताना कुणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला तर ‘जिद्द आहे पोरात’ म्हणू नका. सावलीत न्या, कपडे उतरवा, अंगावर गार पाणी ओता आणि १०८ ला फोन करा.

आणि हे सगळं कशासाठी? ज्युदोत ७३ च्या वरचा गट ८१ चा आहे. ७६ चा माणूस एक थेंब घाम न गाळता त्यात बसतो. समोरचा जरा जड असेल, हराल. सुकून ७३ मध्ये उतरलात तरी हरालच, कारण हातात पकड धरायला ताकद उरलेली नसेल.

चौथं कलम : ‘खरा गडी टॅप देत नाही.’ टॅप म्हणजे हाताने थोपटून ‘सोड, हरलो’ सांगणं. गळा आवळला की मेंदूकडचं रक्त तुटतं, काही सेकंदांत शुद्ध जाते. हाताच्या डावात कोपर निखळतं. दुसऱ्या दिवशी दुकानात कापड कोण फाडणार? दोनदा थोपटा आणि पुन्हा उभे राहा, सराव त्यालाच म्हणतात.

पाचवं : ‘आखाड्याच्या मातीने गजकर्ण बरं होतं.’ मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालतात, ती मऊ असते, पडल्यावर कमी लागतं, हे सगळं कबूल. पण गजकर्ण अंगाला अंग घासून पसरतं. झालं असेल तर मॅटवर येऊ नका आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जा. दुकानातून कुठलंही मलम उचलू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर खाज थांबते, डाग फिका होतो आणि बुरशी मजेत वाढते.

सहावं कलम खुराकाचं : दूध, तूप, बदाम भरपूर. तालमीत पहाटेपासून जोर-बैठका मारणाऱ्याला ते पचतं. दिवसभर गल्ल्यावर बसून आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळणाऱ्याने तोच खुराक लावला, तर दाजी, पावसाळ्यापर्यंत तुम्हाला ८१ च्या गटात बसायलाही रेनकोट लागेल.