जेवून उठलेल्याचे उपदेश : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘पंचविशीच्या आत हेअर ट्रान्सप्लांट नको’ या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे : मी केस आणि ग्राफ्ट (मुळासकट काढून दुसरीकडे लावायचा केसांचा छोटा पुंजका) यांत गोंधळ केला, फिनास्टराइड या केसगळतीवरील औषधाचे दुष्परिणाम एका ओळीत गुंडाळले, तंत्र पुढे गेले असून माझी माहिती जुनी आहे, थांबण्याचा सल्ला पाळणाऱ्या मुलाला विशीतली वर्षे परत कोण देणार, याचे उत्तर मी दिलेले नाही, आणि शेवटी, ‘स्वतः जेवून हात धुतलेल्या माणसाने इतरांना उपवासाचे महत्त्व सांगू नये.’

पहिला आक्षेप मान्य आहे. लेखात ‘3000 केस’ असे पडले होते, तेथे ‘3000 ग्राफ्ट’ हवे होते. एका ग्राफ्टमध्ये एकापासून चारपर्यंत केस असतात, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. चूक दुरुस्त केली आहे, आभारी आहे. ती दाखवताना ‘शाळकरी’ हे विशेषण वापरणे आवश्यक होते का, याचा विचार आपण सवडीने करावा.

आता जेवणाविषयी. हे वाक्य लिहिताना आपल्याला मोठे समाधान झाले असावे असे दिसते, म्हणून त्या ताटात नेमके काय वाढले होते ते सांगतो.

2007 साली मी 23 वर्षांचा होतो. पुण्यात पहिली नोकरी लागली होती, कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले होते, आणि माझी आत्या येताजाता आईला ‘केस आहेत तोवर स्थळे पाहायला घ्या’ असे बजावत असे. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढले. मुंबईच्या एका क्लिनिकमध्ये एका समुपदेशकाने (डॉक्टरांनी नव्हे) माझ्या कपाळावर पेनाने रेघ ओढली. बारावीच्या ओळखपत्रावरील फोटोत जशी होती तशीच, खाली आणि सरळ. मला ती फार आवडली. वडील शेजारच्याच खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर कानांच्या वर जेमतेम चार बोटांची झालर उरलेली होती. पण त्या खोलीत त्यांच्या डोक्याकडे कोणीही पाहिले नाही.

डोक्याच्या मागील बाजूची कातडीची पट्टी काढून तिच्यातून 1900 ग्राफ्ट पुढे लावले. पहिल्या महिन्यात लावलेले केस गळले, ते गळणार हे सांगितलेले होते. चौथ्या महिन्यापासून उगवू लागले आणि वर्षभरात रेघ भरली. पुढची तीन वर्षे चांगली गेली, हे मी नाकारत नाही. मागून आणलेला केस पुढे लावला तरी आपला न गळण्याचा मूळ गुण सोडत नाही, हे अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेन्ट्राइख यांनी 1959 मध्येच मांडले होते, आणि माझ्या बाबतीत ते तंतोतंत खरे ठरले. लावलेले केस आजही आहेत. गेले ते त्यांच्या मागचे, माझे स्वतःचे, ज्यांना कोणी हात लावला नव्हता. शस्त्रक्रियेने केस हलतात, गळती थांबत नाही. एकतिसाव्या वर्षी माझ्या डोक्यावर पुढे दाट कुंपण आणि त्याच्या मागे उघडे मैदान, असा देखावा होता. 2016 मध्ये ते मैदान भरण्यासाठी आणखी 2200 ग्राफ्ट खर्ची पडले. क्राऊन, म्हणजे भोवऱ्याभोवतीचा माथा, तसाच राहिला, कारण मागे आता देण्यासारखे फारसे उरलेले नाही. एवढे होऊनही माझे टकले मित्र सरळ मशीन फिरवून मोकळे होतात, ती सोयदेखील मला नाही. केस बारीक केले की या कानापासून त्या कानापर्यंतचा व्रण दिसतो.

हे झाले माझे जेवण. हात धुतले असे मला तरी वाटत नाही; अजून ताटावरच बसलो आहे आणि वाढणाऱ्याचे पातेले रिकामे झाले आहे. ठेच लागलेल्याने मागच्याला हाक मारली तर ती उपदेशाची हौस म्हणून धुडकावणे आपल्याला शोभत असेल, तर माझे काही म्हणणे नाही. माझे लग्न त्या केसांमुळेच झाले, असेही आपण सुचवले आहे. 2009 मध्ये आलेल्या होकाराचे श्रेय पुढच्या केसांना द्यावे की नाही, हे मला ठाऊक नाही आणि आपल्याला तर नक्कीच ठाऊक नाही. हा विषय येथेच थांबवावा.

तंत्राबद्दल. होय, आज पट्टी न कापता एकेक ग्राफ्ट सुटा काढतात, त्यामुळे लांब व्रण राहत नाही, बारीक ठिपके राहतात. पण तो ग्राफ्ट येतो त्याच मागच्या भागातून. त्या भागातून जन्मभरात सर्वसाधारणपणे पाच-सहा हजार ग्राफ्ट निघतात, तर पुढे क्राऊनपर्यंत पसरलेल्या टकलाचे क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरला नुसते 35 लावायचे म्हटले तरी 7000 होतात. विशीत टक्कल कुठवर जाणार हे दिसत नसते, आणि तेव्हाच अर्धा साठा कपाळाच्या रेघेवर उधळायचा, याला माझा विरोध आहे. मामाचे डोके पाहून अंदाज बांधता येतो असे आपण म्हणता. तो समज अर्धवट आहे, वडिलांच्या बाजूचाही वाटा असतो.

फिनास्टराइड हे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाचे औषध आहे, लैंगिक दुष्परिणामांची शक्यता त्यांना विचारावी, एवढे मी लिहिले होते. त्याहून अधिक लिहिणे माझे काम नव्हे. विशीतल्या वर्षांचा आपला प्रश्न भावनिक आहे. नाकारलेली स्थळे, टोपी घालून काढलेले फोटो हे मलाही माहीत आहे; त्यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन. ‘तुम्हाला ती तीन वर्षे मिळाली, आम्ही का सोडावी?’ हे आपले वाक्य मात्र प्रश्न विचारणाऱ्याचे नसून निर्णय आधीच घेऊन बसलेल्याचे आहे.

आपण 22 वर्षांचे आहात आणि पुढील महिन्याची तारीख घेऊन अनामत भरली आहे, असे आपणच लिहिले आहे. मग माझा लेख कशासाठी वाचलात, हे मला उमगलेले नाही. तरीही टेबलावर पालथे झोपण्यापूर्वी डॉक्टरांना, समुपदेशकाला नव्हे, तीन गोष्टी विचारा : मागच्या भागातील केस भिंगाखाली तपासून त्यांतले किती बारीक पडू लागले आहेत ते पाहिले का, या वेळेनंतर किती ग्राफ्ट शिल्लक राहतील, आणि रेघेमागचे स्वतःचे केस गेले तर ही रेघ चाळिसाव्या वर्षी कशी दिसेल. उत्तरे लेखी मागा. दिली तर मला कळवा, नाही दिली तरी कळवा. फक्त त्या वेळी टोपणनावाआडून लिहू नका.