इंजिनाच्या पेट्रोल पंपावर पाणी ओतून गाडी सुरू झाली, तरी लगेच पंप बदलू नका

नमस्कार बाब,

तुमचं म्हणणं असं की कार्बुरेटरवाली मारुती ८०० दोन दिवस ठेवून आम्ही फक्त अर्थ केबल बदलली, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून निघताना ती पुन्हा लागेना. तिथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर पाणी ओतलं तशी दोन मिनिटांत सुरू झाली. त्याने इलेक्ट्रिक पंप बसवायला सांगितलंय, आणि आम्ही उगाच पैसे घेतले, असं तुम्हाला वाटतंय.

आधी केबलचं. सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये ०.९ व्होल्ट पडत होते, ०.२ च्या वर जाता कामा नये. खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांची ही केबल आतून हिरवी पडते, वरून धड दिसते. गरम इंजिनावर सेल्फ जड फिरायचा तो त्यामुळे. आता तो झपझप फिरतो हे तुम्हीच लिहिलंय.

उरलेला दोष पेट्रोलचा की स्पार्कचा, हे गाडी गरम असून लागत नाही तेव्हाच कळतं. टो करून आणलेली गाडी आमच्याकडे पोचेस्तोवर थंड झालेली असते आणि पहिल्या सेल्फला लागते. बिलावर ‘गरम असताना तपासणी बाकी’ असं लिहिलंय ते यासाठीच. अंदाजाने कॉइल, पंप, प्लग बदलत गेलो असतो तर बिल तिप्पट झालं असतं.

आता पाण्याची गोष्ट. इंजिन बंद केलं की रेडिएटरच्या पाण्याचं फिरणं थांबतं, समोरून वारा येत नाही, आणि बॉनेटखालची उष्णता पुढची दहा-वीस मिनिटं वाढतच जाते. पेट्रोलमधला हलका भाग ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतो. पंपात किंवा नळीत वाफ धरली की कार्बुरेटरला पेट्रोल पोचत नाही. उलटही होतं: कार्बुरेटरच्या वाटीतलंच पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात जाणाऱ्या वाटेत) सांडतं, प्लग ओले होतात. लक्षण एकच, उपाय मात्र वेगळे. एअर फिल्टरचं झाकण काढून थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) हाताने ओढा. आत पेट्रोलची पिचकारी दिसली नाही तर वाफ धरलीय. पिचकारी येते आणि पेट्रोलचा उग्र वास मारतो, तर ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरा (वर-खाली दाबू नका) आणि सेल्फ मारा. पिचकारी ठीक, वासही नाही, तर स्पार्क बघायचा.

म्हणजे पाण्याने पेट्रोलकडे बोट दाखवलं, पंप खराब आहे असं नाही सांगितलं. बहुतेक वेळा मूळ दुसरीकडेच असतं. टाकीकडून पंपाकडे येणारी रबरी नळी चिरलेली असली तर ती गळत नाही, हवा ओढते, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही. जुनं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने लवकर खराब होतं. टाकीकडे परत जाणारी नळी तुंबली तर गरम पेट्रोल पंपापाशीच अडून राहतं. कार्बुरेटरखालची उष्णतारोधक जाड गॅस्केट तडकलेली असते. आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतो का, हे तर सगळ्यांच्या आधी बघायचं.

इलेक्ट्रिक पंप घाईने लावू नका. या कार्बुरेटरला साधारण ०.२ ते ०.३ बार दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप त्याच्या दहापट दाब देतो. कार्बुरेटरची वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही आणि पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं. कमी दाबाचा पंप मिळाला तरी तो टाकीजवळ बसवावा लागतो, परतीची नळी चालू ठेवावी लागते, आणि इंजिन बंद पडताच पंप बंद करणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) हवाच. बाजारात उभ्या-उभ्या जोडायची ही वस्तू नव्हे.

येताना गाडी अर्धा-पाऊण तास चालवून आणा, गॅरेजच्या दारात बंद करा आणि बॉनेट उघडू नका. पंधरा मिनिटांनी आम्ही सेल्फ मारू. लागली नाही तर ओलं फडकं आधी फक्त पंपावर, मग फक्त कॉइलवर ठेवून बघू, म्हणजे कशाने फरक पडतो ते तुमच्यासमोरच कळेल. या तपासणीचे पैसे नाहीत. नळ्या, गॅस्केट लागल्या तर त्यांची किंमत आधी सांगू, जुने भाग तुमच्या हातात देऊ.

तोवर वाटेत अडलात तर बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवा. बाटलीने पाणी ओतू नका: डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगना स्पार्क वाटणाऱ्या भागात) गेलं तर स्पार्कही जाईल, आणि तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलं तर त्याचं बीड (ओतीव लोखंड) तडकतं.