अनुज्ञेय गळती

"जुन्या गाड्यांचं असंच असतं," हे ऑइल गळतंय म्हटल्यावर मला ऐकवणाऱ्या गॅरेजवाल्यानेच नुकतंच माझ्या गाडीचं ऑइल बदललं होतं. बिलात 'पर्यावरणपूरक विल्हेवाट' या नावाखाली वेगळे पैसे लावले होते. पर्यावरणपूरक पद्धतीने विल्हेवाट लागली ती फिल्टरच्या आट्यांची.

गाडी १९९२ची माझदा एमएक्स-५, १.६ लिटरची. दोन सीटा, कापडी छत. इंग्लंडच्या पावसात कापडी छत कशाला, हा प्रश्न घरात विचारून झालेला आहे. पुन्हा नको.

या गाडीचा ऑइल फिल्टर इंजिनाच्या ब्लॉकमधून बाहेर आलेल्या एका पोकळ स्टडवर, म्हणजे आटे पाडलेल्या नळीवर, चढतो. आटे एम२० बाय १.५, म्हणजे जाडी २० मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, दीड मिलिमीटर. जागा मात्र इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, खाली अशी दडपलेली, की हात घातला तर डोळा पोचत नाही आणि डोळा लावला तर हात. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, असं या गाडीमागचं जपानी तत्त्व सांगतात. ऑइल बदलणारा बहुधा स्वारात धरलेला नाही.

अशा जागी फिल्टर आंधळेपणाने चढवावा लागतो. तो तिरका लागला तर अर्ध्या वळशात हाताला अडतो. शहाण्याने तिथेच थांबून, उलटा फिरवून, पुन्हा सरळ धरायचा असतो. पण ज्याच्या मागे आणखी आठ गाड्या उभ्या आहेत तो चेनपाना लावतो. मग स्टडचे पहिले दोन-तीन आटे चेपतात, फिल्टर वाकडा बसतो, रबरी रिंग एका बाजूने दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूने ऑइल वाट काढतं. इंजिन चालू असताना आत तीन-चार बार दाब असतो. त्याला वाट दाखवावी लागत नाही.

गाडी स्टँडवर चढवून मी खाली शिरलो आणि कानापाशी दोन लोकरी मोज्यांतले पाय येऊन थांबले. मोजे चपलांत होते.

"काय रे, गळती का?"

शेजारच्या मराठी कुटुंबातले काका. मुलाकडे सहा महिने राहायला आलेले. सगळी नोकरी धरणांवर काढलेली, निवृत्त होताना अधीक्षक अभियंता. अंगात स्वेटर, वर जाकीट, त्यावर मफलर, आणि महिना जुलैचा.

"हो काका. फिल्टरचे आटे गेलेत."

"किती?"

"पहिले दोन-तीन."

"आटे नाही रे. गळती किती?"

मी खालूनच म्हटलं, की मोजलेली नाही, थांबवतोय.

"हीच चूक. गळती आधी थांबवायची नसते, मोजायची असते. आम्ही प्रत्येक धरणाच्या गॅलरीत, म्हणजे पोटातल्या बोगद्यात, व्ही-नॉच बसवायचो, पाणी मोजायची व्ही आकाराची खाच. पाणी किती येतंय, वाढतंय की स्थिर आहे, गढूळ आहे की स्वच्छ. स्वच्छ आणि स्थिर असेल तर ती अनुज्ञेय गळती. तुझी गढूळ आहे का?"

"काळी आहे."

"म्हणजे आतून माती वाहून येतेय." ते गंभीर झाले आणि घरात गेले. मला वाटलं, सुटलो. ते श्रीखंडाचा रिकामा डबा, घड्याळ आणि नातवाची चौकटीची वही घेऊन आले. डबा थेंबाखाली सरकवला आणि मिनिटाला किती थेंब ते मोठ्याने मोजू लागले. मोजता मोजता प्रश्न चालूच. मागे सीट नाही? मग आईवडील आले की कुठे बसतात? एवढ्यात इनोव्हा आली असती की. इनोव्हा इथे मिळत नाही, हे त्यांना पटलं नाही. मध्येच "तुझ्यामुळे चुकलो" म्हणून मोजणी पहिल्यापासून.

मोजायला थेंब हवेत म्हणून मला फिल्टर काढू देईनात. माझ्या गाडीखाली, माझ्याच ड्राइव्हवेवर, मी एका निवृत्त अधीक्षक अभियंत्याच्या मंजुरीची वाट बघत पाठ गारठवत पडलो होतो. शेवटी वहीत सही झाली आणि काम सुरू करायची तोंडी परवानगी मिळाली.

आता कामाचं. पहिल्यांदा ऑइल पूर्ण काढायचं. मग फिल्टर उतरवायचा, पण स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून नव्हे. तिरक्या आट्यांवर अडकलेला फिल्टर तसा फिरवला की पत्रा फाटतो आणि खालची तबकडी तेवढी स्टडवर राहते. पट्टापाना लावावा. आणि जुनी रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, ते बोटाने चाचपून बघावं. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर सगळं ऑइल रस्त्यावर सांडायला मिनिटही लागत नाही.

यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं. फिल्टरमधून गाळलेलं ऑइल स्टडच्या पोकळीतूनच इंजिनात परत जातं, थेट बेअरिंगांकडे. पुढे कुठलीही जाळी नाही. म्हणजे कानस चालवताना पडलेला लोखंडाचा कीस त्या भोकात गेला, तर आटे दुरुस्त होतील आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, जाईल. म्हणून आधी सुतं न सुटणाऱ्या फडक्याचा घट्ट बोळा भोकात कोंबायचा, त्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवायचं.

चेपलेल्या आट्यांवर १.५ पिचची आट्यांची कानस चालवायची. तिचे दात आधी मागच्या चांगल्या आट्यात बसवून मग पुढे वाईटात न्यायचे. वाट निघाली की एम२० बाय १.५ची डाय, म्हणजे बाहेरून आटे कापायचं हत्यार. दांड्याची डाय तिथे फिरत नाही. षटकोनी डाय-नट घ्यावा, वरून पाना लागतो. कटिंग ऑइल भरपूर, अर्धा वळसा पुढे, पाव मागे. डाय तिरकी चढतेय असं वाटलं तर लगेच काढावी, नाहीतर गॅरेजवाल्याचंच काम आपण जास्त सफाईने पूर्ण करतो. दुकानात 'हीच चालेल' म्हणून तीन-चतुर्थांश इंच, सोळा आट्यांची डाय गळ्यात मारतात. ती १९.०५ मिलिमीटरची आहे, आणि पिच १.५८७५. दिसायला सख्खी बहीण, लावली तर उरलेले आटेही घेऊन जाते.

निम्म्याहून जास्त आटे गेले असतील तर कानशीचा नाद सोडून स्टडच बदलावा. दोन पातळ नट एकमेकांवर आवळायचे आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड सोडवायचा. हटला नाही तर हीटगनने मुळाशी शेक द्यावा. जुना किती बाहेर होता ते आधी व्हर्नियरने मोजून ठेवायचं, नवा तेवढाच बाहेर राहिला पाहिजे. थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, ब्लॉकच्या बाजूलाच, फिल्टरच्या बाजूला थेंबही नको, आणि रात्रभर सुकू द्यायचा.

मग बोळा काढून, पुसून, नव्या फिल्टरची रिंग काढून तो नुसता चढवून बघायचा. दोन बोटांनी तळापर्यंत फिरला पाहिजे. रिंग परत बसवून तिला ऑइलचं बोट लावायचं, ती टेकल्यावर हाताने पाऊण वळसा. पाना नाही. ऑइल साडेतीन लिटरच्या आसपास, पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा. १९९२च्या गाडीत ऑइलच्या दाबाचा काटा खरा आहे. काही वर्षांनंतरच्या गाड्यांत तो नुसता मन राखायला बसवलाय. सुरू केल्यावर काही सेकंदांत काटा उठला पाहिजे, नाहीतर लगेच बंद.

एवढ्या वेळाची मजुरी मागितली तर गॅरेजवाला म्हणतो, सही करून गाडी नेलीत तेव्हा गळत नव्हती. ड्राइव्हवेवरचा डाग काय मी स्वतः ओतला?

काटा उठला. फिल्टरभोवती टिश्यू फिरवला, कोरडा. काकांनी वही उघडली, डबा सरकवला, घड्याळ धरलं.

"शून्य," मी म्हणालो.

"शून्य गळतीचं धरण मी आजवर बघितलेलं नाही. दुसरीकडून येत असेल. मागे बघ."

मागे बघितलं. सिलिंडर हेडच्या मागे, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, लागून, कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी रिंग, या गाड्यांत कडक होऊन झिरपते, सगळ्यांना माहीत असलेली खोड आहे. गिअरबॉक्सच्या तोंडाशी ओलं होतं.

"मिनिटाला किती?" काकांनी विचारलं.