‘बार्जो’ म्हणजे ‘पुष्कळ’ नव्हे

पोलिश ‘बार्जो’चा अर्थ ‘पुष्कळ’ आणि तो मूळचाच, असं फिरतंय. दोन्ही चूक. आजचा अर्थ ‘अतिशय’, मूळ अर्थ ‘वेगाने’. जुन्या पोलिशमध्ये शब्द होता ‘बार्झो’. ‘द’चा स्पर्श नंतर शिरला, म्हणून आजचा उच्चार ‘जवळ’मधल्या ‘ज’सारखा. सर्बियनमध्ये ‘बर्झो’ अजूनही ‘जलद’, चेकमध्ये ‘बर्झो’ म्हणजे ‘लवकर’. वेगाकडून तीव्रतेकडे ही वाट आपल्या ‘जोरात’लाही ठाऊक आहे: जोरात पळ, जोरात ओरड.

वापर? ‘बार्जो दोब्री’ (खूप चांगला) बरोबर, क्रियापदासोबतही चालतं. पण ‘खूप माणसं’ म्हणताना ‘दुझो’च (पुष्कळ) हवं, मराठी ‘खूप’ दोन्हीकडे चालतो, म्हणून आपण हमखास इथेच घसरतो. ‘जास्त चांगला’च्या ‘लेप्शी’आधीही ‘बार्जो’ नको, ‘ओ व्येले’ (कितीतरी) लावा.