काढला एकदाचा!

नाकतोडा मेलेला होता हे मलाही दिसत होतं. मेलेला होता म्हणूनच तर मी त्याच्यासमोर खडकावर पालथी पडले होते. पण हे काकांना सांगायला वेळ कुणी दिला?

ठिकाण जोधपूर. मेहरानगडाच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. अख्खं जग वर किल्ल्यात तोफा, पालख्या आणि हौदे बघत होतं. आमचे हेही त्यांतच. मी मात्र खाली दगडधोंड्यांतून काटेरी झुडपांचे फोटो काढत हिंडत होते. ‘जेवायला भेटू’ एवढाच करार होता. लग्नाला बरीच वर्षं झाली की असे करार फार सुखाने पार पडतात.

काट्यांचे फोटो काढणं हा नाद मला कसा लागला ते सोडा. पण एक सांगते, फुलाचा फोटो कुणालाही येतो. फूल नटूनथटून समोर उभंच असतं. काट्याचा फोटो आधार कार्डावरच्या फोटोसारखा असतो, आपण कितीही जीव ओतला तरी व्हायचं तेच होतं. राखाडी फांदीवर राखाडी काटा, मागे राखाडी-तांबूस खडक, आणि डोक्यावर असं ऊन की सावलीलाही कडा येते. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला कळतच नाही की या बाईला नक्की काय दाखवायचंय. तो काट्याला ओलांडून सरळ मागच्या किल्ल्यावर फोकस करतो. माझ्याकडे मेहरानगडाच्या तटबंदीचे अतिशय सुरेख फोटो आहेत, पुढे एक अस्पष्ट काडी असलेले. शिवाय हे सगळं गुडघे टेकून करायचं, आणि गुडघा जिथे टेकावा तिथे सराटा असतोच. सराट्याची रचनाच अशी की कसाही पडला तरी एक टोक वर.

तर त्या दिवशी मला बोराटी सापडली होती. तिकडे बोरडी म्हणतात. आपल्याकडे शाळेच्या दारात चन्यामन्या बोरं मिळायची ना, तीच. कमरेएवढं झुडूप, पानांची खालची बाजू पांढुरकी लवदार, आणि प्रत्येक पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी. त्यातला एक लांब, सरळ, सुईसारखा. दुसरा आखूड आणि मागे वळलेला. सरळ काटा टोचतो, वाकडा सोडत नाही. आणि त्यातल्या एका सरळ काट्यावर, छातीतून आरपार, तो नाकतोडा. पाय दुमडलेले, एक पंख अर्धा उघडा, उन्हात काचेसारखा चमकणारा.

हे काम खाटीक पक्ष्याचं. चोच शिकाऱ्याची, पण पाय अगदीच चिमणीछाप. शिकार धरून फाडता येत नाही. म्हणून तो ती काट्यावर टोचतो आणि सवडीने खातो, उरलेली ठेवून जातो. काटा हा त्याचा खिळा, काटाचमचा आणि फ्रीज. हे मी आजवर फक्त वाचलं होतं. समोर दिसलं तेव्हा खरं सांगते, हात थरथरले. वारा होता. फांदी हलायची, नाकतोडा हलायचा, मी श्वास धरायची, कॅमेरा किल्ल्याकडे बघायचा. जरा पुढे सरकले आणि उजवी बाही त्या वाकड्या काट्यांत अडकली. हरकत नव्हती. मला कुठे जायचंच नव्हतं. वारा पडायची वाट बघत होते.

तेवढ्यात नाकासमोर दोन पांढरेशुभ्र बूट येऊन थांबले.

“मॅडम, कुछ गुम हो गया क्या?”

“नाही,” मी म्हटलं, आणि तिथेच सगळं संपलं.

“अरे! मराठी!” बूट वाकले. वर कानटोपी, गळ्यात टूरवाल्यांचं ओळखपत्र, खांद्याला थर्मास. “आम्ही कोथरूडचे. ग्रुप वर गेलाय, मला गुडघ्यांमुळे चढ जमत नाही. म्हटलं खाली काय आहे बघावं, तर खाली काहीच नाही! बरं, तुम्ही अशा का पडलाय?”

“फोटो काढतेय.”

“कशाचा?”

“काट्यांचा.”

काका गप्प झाले. चारी बाजूंना बघितलं. मग आवाज खाली आणून, दवाखान्यात विचारतात तसं, “बरोबर कुणी आहे ना?”

“मिस्टर वर आहेत.”

हे उत्तर मी का दिलं याचा मला अजून राग आहे. ‘मिस्टर वर आहेत’ म्हटल्याबरोबर काकांचा चेहरा सैल पडला. म्हणजे केस हाताबाहेर गेलेली नाही, जबाबदार माणूस आहे कुणीतरी. एखादा पुरुष कॅमेरा घेऊन पालथा पडला असता तर तो ‘वाइल्डलाइफवाले सर’ झाला असता आणि लोक लांबून टाचा उचलत गेले असते. बाई पालथी पडली की तिचं कानातलं तरी हरवलेलं असतं, नाहीतर डोकं.

“अहो, पण ही तर बोराटी!” काकांना साक्षात्कार झाला. “मी मूळचा माणातला, म्हसवडकडचा. आमच्याकडे हिला कुत्रं विचारत नाही! तोडायची आणि कुंपणाला लावायची. बांधाबांधावर आहे. या की आमच्या गावाला, किती फोटो काढायचे तेवढे काढा, जेवण पण करून जा. इथे तिकीट काढून बोराटी बघताय?”

मी म्हटलं, हो, आणि वारा बघत राहिले.

“मी काय म्हणतो, एवढी जागा आहे तर हे लोक काहीतरी लावत का नाहीत? बोगनवेल लावली तरी किती छान दिसेल.”

आता इथे गप्प बसायचं होतं. पण माझा स्वभाव. बाही अडकलेली, मान वाकडी, अशा अवस्थेत मी काकांना सांगायला लागले की काका, हे सगळं लावलेलंच आहे. हा खडक सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून आलेला. इथे सगळीकडे आपली वेडी बाभूळ माजली होती. आपली कसली, ती मूळ मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडची. जोधपूरच्या महाराजांनी वाळवंट हिरवं करायला तिचं बी विमानातून पसरलं असं सांगतात, आणि १९४० मध्ये तिला ‘राजवृक्ष’ ठरवलं. ती वरून छाटली की पुन्हा फुटते. म्हणून २००६ पासून इथे खाणीत दगड फोडणारे खंडवालिये बोलावले. दगडावर हातोडा मारला की आवाजावरून त्यांना कळतं, कुठे भेग आहे. त्यांनी छिन्नी-हातोड्याने खडकातून एकेक मूळ खणून काढलं. त्या खड्ड्यांत मग इथली मूळची झाडं लावली. थोर, केर, हिंगोट, कुमठ. कुमठाला तीन-तीन काटे असतात, मधला खाली वळलेला, कडेचे दोन वर. कुठल्याही दिशेने सुटायला बघा, एक धरतोच. अशी ७२ हेक्टर जागा तयार करून २०११ मध्ये लोकांना खुली केली.

काकांनी सगळं मन लावून ऐकलं. मला वाटलं, जिंकलं.

“म्हणजे,” काका म्हणाले, “काटे काढून काटे लावले?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. असली प्रश्नोत्तरं मला रात्री झोपताना सुचतात, आणि त्या रात्रीही सुचलं नाही.

“थांबा, तुमची बाही अडकलीय.” आणि हे मात्र कबूल करायला हवं, माणदेशी माणसाने बाही अशी सोडवली की एक धागा निघाला नाही. “पुढं ओढायचं नसतं. काटा जिकडं बघतोय तिकडंच जायचं, मग आपोआप सुटतो.” खरखरीत बोटांनी एकेक आकडा उलटा करत त्यांनी मला मोकळं केलं. मी मनापासून आभार मानणार, तेवढ्यात त्यांना तो दिसला.

“अगंबाई, हा काय किडा?” काका ‘अगंबाई’ म्हणाले, शपथ. “थांबा, हिला दाखवायला एक काढतो.” माझ्या डोक्यावरून हात लांब करून त्यांनी मोबाइलवर खटकन एक फोटो काढला. श्वास धरला नाही, गुडघा टेकला नाही, वाऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग आणखी वाकून बघितलं. “ईऽऽ, मेलाय की हा!”

आणि टिचकी मारली.

नाकतोडा उडाला. मी तो उडताना पाहिला. जिवंतपणीसुद्धा एवढा लांब गेला नसेल.

“काढला एकदाचा!” काका हात झटकत म्हणाले. “आता काढा निवांत. स्वच्छ आहे.”

मी काहीच बोलू शकले नाही. काकांनी त्या शांततेत फांदीवरची दोन तांबडी बोरं खुडली. अख्ख्या चौकटीत रंग म्हणून तेवढाच होता. एक तोंडात टाकलं, एक मला दिलं. “चन्यामन्या. घ्या, गोड आहे.” मी खाल्लं. गोड होतं, हा आणखी एक अपमान.

रागाचं म्हणाल तर काकांवर माझा फार राग नाही. बाही सोडवली त्यांनी. राग त्या ‘इथे काहीच नाही’वर आहे. आमचा जैसलमेरचा ड्रायव्हरही दर पाच मैलांवर तेच म्हणायचा, “यहाँ कुछ नहीं है मॅडम, झाड़ी है.” सरकारी दप्तरातही तेच. आपल्या देशात वेस्टलँड्स अॅटलास नावाचा नकाशासंग्रह निघतो आणि खुरटी झुडपं असलेली जमीन त्यात ‘वेस्ट’ म्हणून रंगवलेली असते. एकदा ‘काहीच नाही’ असं ठरलं की मग तिथे काहीही करता येतं. सौर पॅनेल अंथरा, विजेच्या तारा ओढा. त्या तारांना धडकून माळढोक पक्षी मरतात; सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्या म्हटलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल केला. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक तर गेल्यातच जमा. माळावर काय असतं? काहीच नसतं. गवत असतं, बोराटी असते. टिचकी मारायची आणि स्वच्छ करायचं.

असो. एका नाकतोड्यावरून इथवर येणं बरं नव्हे. हेही म्हणतातच, तू कुठलीही गोष्ट माळढोकावर नेऊन सोडतेस.

काकांनी जाताना माझा बोराटीशेजारी उभा फोटो काढला, तो पाठवायला नंबर घेतला. (फोटोत मी आहे, बोराटी कापली गेली आहे.) माझे त्या दिवशीचे सगळे फोटो मी रात्री हॉटेलवर मोठे करून बघितले. किल्ला, किल्ला, किल्ला, अस्पष्ट हिरवं काहीतरी, किल्ला. मग मानापमान गिळला आणि काकांना मेसेज केला. ‘काका, तुम्ही त्या किड्याचा फोटो काढला होता, तो पाठवाल का? माझ्यासाठी महत्त्वाचा आहे.’

लगेच निळ्या खुणा. मग उत्तर बोलून आलं, मागे काकूंचा आणि टीव्हीचा आवाज.

“अहो ताई, तो तर तेव्हाच डिलीट केला. हिला किळस आली. आणि मेलेल्याचा फोटो कशाला ठेवायचा मोबाइलमध्ये, मेमरी फुल होते. तुम्हाला फोटोच पाहिजेत ना? थांबा.”

थांबले. हॉटेलच्या दारातल्या बोगनवेलीचे फोटो यायला लागले. लांबून, जवळून, काकूंसकट, काकूंशिवाय. सगळे लख्ख, सगळे फोकसमध्ये. शेवटच्याखाली काकांनी लिहिलं होतं, ‘हिला पण काटे असतात बघा.’